स्वादुपिंडातील नलिकेचे श्रेय: विर्सुंग की हॉफमन?

धागाकर्ता:
२ मार्च १६४२ रोजी इटलीतील पादुआ येथे फाशी गेलेल्या एका खुन्याच्या शवाचे विच्छेदन करताना योहान गेऑर्ग विर्सुंग यांना स्वादुपिंडातून लांबवर जाऊन आतड्यात उघडणारी नलिका आढळली. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही. तांब्याच्या पत्र्यावर आकृती कोरून तिचे ठसे युरोपातील नामवंत शरीररचनातज्ज्ञांना पाठवले. २२ ऑगस्ट १६४३ रोजी त्यांचा गोळी घालून खून झाला. त्या विच्छेदनाला हजर असलेले विद्यार्थी मॉरिट्झ हॉफमन यांनी १६४८मध्ये असा दावा केला की, ही नलिका आपल्याला १६४१मध्येच टर्की कोंबड्यात सापडली होती आणि आपणच ती विर्सुंग यांच्या कानावर घातली. खंडन करू शकणारा माणूस हयात असताना जो दावा झाला नाही, तो त्याच्या पश्चात ग्राह्य धरू नये, असे माझे मत आहे.

पहिला प्रतिसाद:
असहमत. उशिरा केलेला दावा संशयास्पद असतो, परंतु संशयास्पद म्हणजे खोटा नव्हे. जेमतेम वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पदवीधर वैद्याशी उघड वाद घालावा, ही अपेक्षा त्या काळातील विद्यापीठांत कितपत वाजवी होती? शिवाय कोंबड्यातला शोध म्हणून तो दुय्यम ठरवायचा असेल, तर इटालियन शरीररचनातज्ज्ञ आसेली यांनी १६२२मध्ये कुत्र्यात पाहिलेल्या पयोवाहिन्यांचे (आतड्यातून पचलेली चरबी वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नलिकांचे) श्रेयही काढून घ्यावे लागेल. (खुनाचा संबंध या वादाशी जोडणारे लेखन आढळते, पण मारेकरी कांबिए नावाचा बेल्जियन होता आणि हॉफमन यांच्यावर त्याची सावली पाडणे अन्यायाचे आहे.)

दुसरा प्रतिसाद:
आसेलींचे उदाहरण आपल्याच विरोधात जाते. त्यांनी एका कुत्र्यावर न थांबता इतर प्राणी तपासले, आणि त्यांचा सचित्र ग्रंथ, मरणोत्तर का होईना, १६२७मध्ये छापला गेला. हॉफमन यांच्याकडे दाखवायला काय होते? विर्सुंग यांच्या पत्र्यावर मात्र ही नलिका निरनिराळ्या मानवी शरीरांत नव्याने पाहिली असल्याचे कोरलेले आहे.

तिसरा प्रतिसाद:
मला दोघेही अपुरे वाटतात. विर्सुंग यांनी जुलै १६४३मध्ये पॅरिसचे शरीररचनातज्ज्ञ रिओलान यांना पत्र लिहून ही धमनी म्हणावी की शीर, असे विचारले होते. जे पाहिले ते काय आहे हेच ठाऊक नसेल, तर तो शोध कसा? डच वैद्य रेनिए द ग्राफ यांनी जिवंत कुत्र्याच्या या नलिकेत पिसाची नळी बसवून स्वादुरस (स्वादुपिंडाचा पाचकरस) गोळा केला आणि १६६४मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला. खरे श्रेय त्यांचे.

धागाकर्ता:
हा निकष लावला तर आसेलीही बाद होतात, कारण पयोवाहिन्या यकृताकडे जातात अशी त्यांची ठाम समजूत होती. रचना दाखवणे आणि तिचे कार्य ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिल्या कामात शंका लपवण्याऐवजी तज्ज्ञांना विचारणारा माणूस मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

पहिला प्रतिसाददाता:
तरीही माझा मुद्दा अनुत्तरित आहे. पत्र्यावर ‘मानवी शरीरांत’ एवढेच आहे, पक्ष्यांविषयी अवाक्षर नाही. म्हणजे पत्र्यावरचा मजकूर आणि हॉफमन यांचे म्हणणे, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

दुसरा प्रतिसाददाता:
असू शकतात, याला माझी हरकत नाही. परंतु सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते, आणि १६४१मधल्या त्या कोंबड्याला हॉफमन यांच्याखेरीज साक्षीदार नाही.