मदत हवी आहे: हॉलच्या साउंडप्रूफिंगला सरकारी अनुदान मिळतं का?

कळंबा_रोड: बर्लिनमध्ये क्लबच्या आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून सरकारनंच २०१८ मध्ये १० लाख युरोचा फंड काढला, क्लबवाल्यांना साउंडप्रूफिंगसाठी. आपल्याकडं तसलं काय हाय का? मला माझ्या हॉलसाठी कोटेशन सहा लाखाचं आलंय आणि सीझन तोंडावर. परवा मागच्या घरातल्या आजींनी आत बोलवून नेलं, आमच्याकडं गाणी चालू आणि त्यांच्या स्वयंपाकघरात पिंपावरचं झाकण थडथडतंय, हात ठेवला की गप्प, काढला की परत चालू. लई वाईट वाटलं. लवकर सांगा.

राजारामपुरीकर: कसला हॉल? स्लॅब का पत्रा? किती वाजेपर्यंत चालतो?

नवउद्योजक: जिल्हा उद्योग केंद्रात जावा, मुख्यमंत्री रोजगार निर्मितीमध्ये १५ ते ३५ टक्के सबसिडी हाय. माझ्या भाच्याला मिळाली.

फाईल_घेऊन_फिरणारा: अहो ती नवीन धंद्याला असते, चालू हॉलला नाही. त्यांना उगाच हेलपाटे घालायला लावू नका.

नवउद्योजक: विचारायला काय जातंय?

शांत_झोप: ११२ ला फोन करा, रात्री १० नंतर स्पीकर बंदच पाहिजे. आमच्या गल्लीत गणपतीच्या डॉल्बीनं काचा हलत्यात त्याचं कोण बघणार?

राजारामपुरीकर: अहो, हॉल त्यांचाच हाय, तक्रार कुणाची करायची? आणि बंदिस्त हॉलला आतल्या आत परवानगी असते, पण आवाज बाहेर गेला की निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. मालक, पत्रा का स्लॅब ते सांगा आधी.

कळंबा_रोड: पत्रा. मागच्या बाजूला चार खिडक्या, गरम होतंय म्हणून उघड्या. रात्री अकरा-साडेअकरा होतात. दोन वर्षांपूर्वी भिंतींना फोम लावला, काय उपयोग नाही. मोबाईलच्या अ‍ॅपवर तर आवाज कमीच दाखवतंय.

बेसवाला: पत्रा आणि उघड्या खिडक्या हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं राव. फोमनं आतला घुमारा कमी होतो, आवाज अडत नाही, बेस (खालचा धडधडणारा आवाज) अडवायला वजन लागतं, म्हणजे वीट, दोन थरांचा जिप्सम बोर्ड, जड दार. अ‍ॅप बहुतेक ए-वेटिंगवर, म्हणजे माणसाच्या कानाला जाणवतं त्या हिशेबानं, मोजतं, त्यात बेस लई कमी धरला जातो, आणि झाकण बेसनंच हलतंय. सहा लाख घालायच्या आधी सब (बेसचा मोठा स्पीकर) स्टेजवरनं खाली घ्या, खाली जाड रबर मॅट टाका, मागच्या भिंतीपासनं लांब ठेवा, लिमिटर (आवाज ठरल्यापेक्षा वर जाऊ न देणारं यंत्र) लावून किल्ली स्वतःकडं ठेवा. डीजेवाल्याच्या हातात व्हॉल्यूम दिला की संपलं.

शांत_झोप: आणि खिडक्या?

बेसवाला: त्या बंदच कराव्या लागतील, म्हणजे एसी. खरा खर्च तिथंच हाय.

फाईल_घेऊन_फिरणारा: आणि दहाच्या पुढं उघड्या खिडक्या म्हणजे हॉल बंदिस्त राहतच नाही, तिथं तुमची बाजू लंगडी.

कळंबा_रोड: शनिवारी बुकिंग हाय. सब खाली घेतो, मॅट टाकतो, दहाला खिडक्या लावतो आणि स्वतः आजींच्या पिंपाजवळ जाऊन उभा राहतो. एसीला तरी अनुदान किंवा कमी व्याजाचं कर्ज कुणाला खरंच मिळालं असेल तर तेवढं सांगा.