कॅमेऱ्याची सक्ती नको, कामं द्या

काही जण म्हणतात की ऑनलाइन कोर्सला कॅमेरा कंपल्सरी केला की मुलं लक्ष देतात, मला हे अजिबात पटत नाही. आमच्या गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावांतून पावसात रेंज टिकत नाही, तिथल्या मुलाला कॅमेरा चालूच ठेव म्हणणं म्हणजे त्याला क्लासमधून घालवणंच झालं.

त्यापेक्षा व्हिडिओ छोटे करा. २०१४ साली फिलिप गुओ हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरची ६९ लाख व्हिडिओ सेशन्स तपासली, त्यात सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओच लोक नीट बघतात असं निघालं, आणि आपण अजून पाऊण तासाचं लेक्चर जसंच्या तसं रेकॉर्ड करून टाकतो.

मी फोंड्यात अकाउंटिंगच्या ऑनलाइन बॅचला शिकवते. जीएसटी आला की सांगते, घरातलं कुठलंही बिल घ्या, सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) किती लावलाय ते शोधा, बेरीज जुळते का बघा आणि फोटोसकट ग्रुपवर टाका. कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी किराणाचं बिल टाकून विचारते, "टीचर, एकाच बिलात दोन रेट कसे?" मग त्यावर बाकीचे तुटून पडतात, मला फार बोलावंच लागत नाही. फक्त अशा प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर द्या, आठवड्याने दिलं तर पुढच्या वेळी कोण विचारणार?

आणि प्लीज, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात डेडलाइन ठेवू नका. सगळे मूळ घरी गेलेले असतात, तेव्हा एक असाइनमेंट चुकली की बरीच पोरं परत लॉगिनच करत नाहीत.