रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये पार्शलला लोकल व्हेरिएबल पोहोचत नाही

प्रश्न: नवीन नोंद आणि संपादन या दोन्ही पानांवर मी एकच पार्शल (पानाचा पुन्हा वापरता येणारा तुकडा) वापरतो. पार्शल दाखवणाऱ्या ‘रेंडर’ या आदेशापुढे पार्शलचे नाव आणि त्यानंतर ‘लोकल्स’ या कीखाली (की म्हणजे मूल्याला दिलेले नाव) शीर्षक दिले आहे, तरीही शीर्षक हे व्हेरिएबल अस्तित्वात नसल्याची त्रुटी येते. इन्स्टन्स व्हेरिएबल (@ ने सुरू होणारे, कंट्रोलरमधून पानाला मिळणारे) मात्र चालते. तेच वापरावे का?

उत्तर १: आपण दोन पद्धतींची सरमिसळ केली आहे. ‘पार्शल’ ही की स्पष्ट लिहिली असेल तरच ‘लोकल्स’ला विशेष अर्थ असतो, नुसते नाव दिल्यास पुढची प्रत्येक की थेट व्हेरिएबल ठरते, त्यामुळे आपल्या पार्शलला ‘लोकल्स’ नावाचेच व्हेरिएबल मिळाले. दोन्ही कीज लिहाव्यात, किंवा दोन्ही गाळाव्यात. (ही चूक मीही केली आहे.)

उत्तर २: इन्स्टन्स व्हेरिएबल टाळावे. त्याचे नाव चुकल्यास त्रुटी न येता निमूटपणे निल (रिकामे मूल्य) मिळते, आणि पार्शल विशिष्ट कंट्रोलरवर (विनंती हाताळणाऱ्या भागावर) अवलंबून राहते.

उत्तर ३: शीर्षक ऐच्छिक असल्यास ते ‘लोकल असाइन्स’ या हॅशमधून (कीज आणि त्यांच्या मूल्यांच्या संचातून) वाचावे. रेल्स ७.१ पासून पार्शलच्या आरंभी विशेष टिप्पणी लिहून अपेक्षित लोकल्स आणि त्यांची डीफॉल्ट मूल्ये घोषित करता येतात.

प्रश्नकर्ता: दोन्ही कीज गाळल्यावर शीर्षक दिसू लागले. आभारी आहे.