बिडाचे जुने दिव्याचे खांब पुन्हा वापरात कसे आणावेत?

प्रश्न

आमच्या संस्थेच्या आवारातला रस्ता रुंद करताना बिडाचे ९ जुने दिव्याचे खांब उपटून एका बाजूला आडवे ठेवण्यात आले आहेत. खांबांची बैठक अष्टकोनी आहे, मधल्या भागावर उभ्या पन्हळी आहेत आणि कंदिलाच्या खाली एक आडवी दांडी आहे, जिचा उपयोग मला कळलेला नाही. २ खांबांना तळाशी उभ्या चिरा गेल्या आहेत आणि सर्वांवर रंगाचे इतके थर चढले आहेत की नक्षी जवळजवळ बुजली आहे. खांब भंगारात द्यावेत असे काही सदस्यांचे मत आहे, तर काहींना ते बागेत केवळ शोभेसाठी उभे करायचे आहेत. ते पुन्हा दिवे म्हणूनच उभे राहावेत, असे मला मनापासून वाटते. रंग कसा काढावा, चिरा सांधता येतात का आणि आत एलईडी बसवणे योग्य ठरेल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (ओतकामाचा अनुभव असलेला सदस्य)

सर्वप्रथम त्या आडव्या दांडीविषयी. दिवे लावणारा माणूस तिला शिडी टेकवत असे. ती अनावश्यक समजून कापली जाते, म्हणून आधीच सांगतो: तिला हात लावू नका.

बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसते, पण ताण आणि आघात सोसत नाही. पोलाद वाकते तिथे बीड तडकते. आडव्या पडलेल्या खांबांखाली २-३ ठिकाणी लाकडी ठोकळे द्या आणि उचलताना साखळीऐवजी रुंद कापडी पट्टे वापरा, कारण माझ्या पाहण्यात रस्त्यावर टिकलेले खांब वाहतुकीत मोडले आहेत. प्रत्येक खांबावर लाकडी हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐका. धड खांब घंटेसारखा खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. दिसणाऱ्या २ चिरांखेरीज आणखी काही लपलेल्या असतील, तर त्यांचा पत्ता असाच लागेल.

चिरा सांधता येतात, मात्र साध्या वेल्डिंगने नव्हे. थंड बिडावर एकाच जागी उष्णता दिली की सांध्याशेजारीच नवी चीर पडते. एक तर संपूर्ण भाग सावकाश तापवून, निकेलच्या कांडीने जोडून, तितक्याच सावकाश थंड करावा लागतो. नाही तर उष्णता न देता टाके घालण्याची पद्धत वापरावी लागते. या पद्धतीत चिरेच्या टोकाला छिद्र पाडून ती पुढे सरकणे थांबवतात आणि चिरेवर आडव्या धातूच्या पट्ट्या घट्ट बसवतात. तुमच्या खांबांना मी दुसरी पद्धत सुचवेन.

एखादा भाग गहाळ असेल आणि दुसऱ्या खांबाचा भाग फर्मा म्हणून वापरून नवा ओतून घेणार असाल, तर हेही लक्षात घ्या: बीड थंड होताना सुमारे १ टक्का आकसते, त्यामुळे थेट नक्कल मूळ भागापेक्षा लहान निघते आणि सांध्यात बसत नाही. फर्मा तेवढा वाढवून घ्यावा लागतो.

उत्तर २

रंगाबाबत घाई करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या थरांमध्ये शिसे असण्याची दाट शक्यता असते, म्हणून ते कोरडे घासू नयेत आणि ज्योतीने जाळूही नयेत. एका आडोशाच्या जागी बोटभर रुंदीच्या पट्टीत एकेक थर पायऱ्यापायऱ्यांनी उघडा करावा. सर्वांत खालचा रंग सापडला, तर पुढचा निर्णय अंदाजावर अवलंबून राहत नाही. मगच रसायनाचा लेप लावून रंग सोडवावा. जोरदार वाळूच्या फवाऱ्याने नक्षीच्या कडा बोथट होतात, आणि ओतताना तयार झालेली कठीण त्वचाही निघून जाते. बैठकीवर अनेकदा ओतशाळेचे नाव किंवा साल उमटलेले असते. ते दिसू लागताच छायाचित्र घेऊन ठेवावे. उघड्या बिडाला काही तासांतच गंज धरू लागतो, तेव्हा प्रायमर त्याच दिवशी लागला पाहिजे.

उत्तर ३

शोभेसाठी उभे करण्याला मी पूर्णपणे नाकारणार नाही. लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयासमोर २००८ पासून कलाकार क्रिस बर्डन यांची २०२ जुन्या दिव्यांची मांडणी उभी आहे आणि बर्लिनच्या टियरगार्टन या उद्यानात १९७८ साली गॅसच्या दिव्यांचे खुले संग्रहालय उभे राहिले. तथापि त्या दोन्ही ठिकाणी दिवे प्रकाश देण्यासाठीच उभारले गेले. बागेत विझलेला खांब उभा करणे ही गोष्ट वेगळी.

उत्तर ४

जुन्या खांबात एलईडी बसवल्याने वारसा बिघडतो, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. लंडनमध्ये पॅल मॅल रस्त्यावर १८०७ साली गॅसचे दिवे लागले, तेव्हा ज्योत उघडी होती. १८८५ साली ऑस्ट्रियन संशोधक आउअर फॉन वेल्सबाख यांनी मेंटलचे, म्हणजे ज्योतीवर बसून तापल्यावर उजळणाऱ्या जाळीचे, पेटंट घेतले आणि पुढे खांब तेच राहून प्रकाश बदलला. टेम्सच्या काठावर तर १८७८ साली विजेचे दिवे आले आणि १८८४ साली पुन्हा गॅस आला. क्रोएशियातील झाग्रेबच्या वरच्या पेठेत दोनशेहून अधिक गॅसदिवे आजही हाताने लावले जातात, पण तिथे गॅसची व्यवस्था आधीपासूनच आहे. तुमच्याकडे ती नव्याने उभारणे व्यवहार्य नाही.

प्रकाश मात्र २७०० केल्विनपेक्षा (हे प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर) पांढरा नसावा आणि दिवा कंदिलाच्या छताखाली लपवावा, म्हणजे डोळ्यांवर येणार नाही. वायर खांबाच्या पोकळीतूनच न्यावी, नवी भोके पाडू नयेत आणि प्रत्येक खांबाला स्वतंत्र अर्थिंग द्यावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचा आभारी आहे. आज ठोकून पाहिले. तिसराही एक खांब बद्द वाजतो आहे, वरून मात्र चीर दिसत नाही. या तिन्ही खांबांवर कंदिलाचा भार टाकावा का?

उत्तर १ कडून पुन्हा

थेट टाकू नका. पोकळीत पोलादी नळी उभी करून ती पायात पक्की करा. कंदिलाचा आणि वाऱ्याचा भार ती घेईल आणि बिडाचा खांब तिच्याभोवती केवळ स्वतःच्या वजनाने उभा राहील. पुढे गरज पडल्यास नळी काढताही येते. बैठकीच्या तळाशी पाणी निघून जाण्याचे छिद्र असते, ते तपासा. बहुधा ते मातीने किंवा सिमेंटने बुजलेले सापडेल, आणि तिन्ही चिरांचे मूळ तिथेच असावे: साठलेल्या पाण्याने गंज फुगतो आणि आतून बीड फाडतो.