शब्दचर्चा: सर्क्युलेशन म्हणजे खप, चलन, देवघेव की अभिसरण?

प्रश्न (भाषांतरकार, नाशिक): एका मजकुरात ‘सर्क्युलेशन’ चार ठिकाणी आलंय: वर्तमानपत्राचं, नोटांचं, रक्ताचं आणि कांदा साठवणुकीतल्या हवेचं. संगणकाने चारही जागी ‘अभिसरण’ बसवून दिलंय. ‘वृत्तपत्राचे अभिसरण वाढले’ हे वाचवत नाही. काय करावं?

वृत्तपत्र वितरण: वर्तमानपत्राचा खप असतो. पण नीट बघा, मूळ वाक्यात आकडा आहे की खातं? आकडा असेल तर खप, खातं असेल तर वितरण विभाग. ‘खप व्यवस्थापक’ असं कुणी म्हणत नाही, वितरण व्यवस्थापक म्हणतात.

खप म्हणजे छापलेल्या प्रती नव्हेत. छापील प्रतींतून विक्रेत्यांकडून परत आलेले अंक आणि फुकट वाटलेले अंक वजा करायचे, पैसे देऊन घेतलेले उरतात तो खप. भारतात 1948 पासून ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था सहा-सहा महिन्यांच्या मुदतीने असे आकडे प्रमाणित करते. वाचकसंख्या हा तिसराच आकडा. घरात एक अंक येतो आणि चौघं वाचतात, तर खप एक, वाचक चार. जाहिरातीत हे दोन आकडे हमखास एकमेकांच्या जागी घातलेले असतात, तेव्हा भाषांतर करताना आधी मूळ शब्द तपासा.

बँक कर्मचारी, नाशिकरोड: नोटांसाठी चलन, आणि इथे काटेकोर राहायला हवं. आपल्याकडे करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापतात, पण प्रेसमधून बाहेर पडलेली नोट लगेच चलनात आलेली नसते. ती रिझर्व्ह बँकेकडे जाते, तिथून बँकांच्या करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे नोटांच्या तिजोरीत. चेस्ट बँकेच्या इमारतीत असली तरी आतला माल रिझर्व्ह बँकेचाच. चेस्टमधून काढून शाखेच्या रोकडीत आली की मग ती ‘चलनातील नोट’ म्हणून मोजली जाते. मळकी, फाटकी नोट उलट वाटेने परत येते, छाननीत बाद होते आणि तिचे तुकडे केले जातात.

‘चलनातून काढणे’ आणि ‘रद्द करणे’ यांत गल्लत नको. 8 नोव्हेंबर 2016 ला पाचशे-हजारच्या तेव्हाच्या नोटांची कायदेशीर वैधता काढून घेण्याची घोषणा झाली. 19 मे 2023 ला दोन हजारची नोट चलनातून मागे घ्यायचं जाहीर झालं, वैधता मात्र कायम ठेवली. दोन्हीला ‘नोटा रद्द’ असा मथळा देणं म्हणजे निव्वळ आळस.

शिवाय बँकेत पैसे भरायची पावतीही ‘चलन’च, आणि वाहतूक पोलिसांचं ई-चलन आहेच. म्हणून ‘चलन वाढले’ असं मोघम लिहू नका. ‘चलनातील नोटांचे मूल्य वाढले’ किंवा ‘संख्या वाढली’ असं लिहा.

शरीरशास्त्राचे शिक्षक: रक्ताला अभिसरण अगदी पक्कं रुळलेलं आहे, ते बदलायचं कारण नाही. हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसांकडे, तिथून डाव्या बाजूला, मग सर्व शरीरभर आणि परत उजवीकडे. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं आणि विश्रांतीत हृदय मिनिटाला जवळपास तेवढंच पुढे ढकलतं. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने 1628 मध्ये हाच हिशेब मांडला: इतकं रक्त शरीर सतत नव्याने बनवूच शकणार नाही, म्हणजे तेच फिरून येत असलं पाहिजे.

दवाखान्यात मात्र ‘पायाचं सर्क्युलेशन कमी आहे’ म्हणतात तेव्हा मराठीत रक्तपुरवठा म्हणायचं. नख दाबून सोडलं की पांढरं पडलेलं नख साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. या तपासणीत पुरवठा पाहतात, अख्खं अभिसरण नाही.

व्याकरणाची आवड असलेले: गंमत म्हणजे ‘अभिसरण’ शब्दात वर्तुळ कुठेच नाही. अभि + सृ, म्हणजे कशाच्या तरी दिशेने जाणं. अभिसारिका प्रियकराकडे जाते. तिच्या परतीचा उल्लेख त्या शब्दात नाही! किरण एकत्र आणणारं भिंग अभिसारी. शाळेच्या पुस्तकात उष्णतेचं वहन, अभिसरण, प्रारण येतं, ते अभिसरण म्हणजे पुन्हा तिसरंच. सामाजिक अभिसरण चौथं. एवढी ओझी वाहणाऱ्या शब्दावर आणखी लादू नका.

कांदा उत्पादक, निफाड तालुका: हवेचं अभिसरण आमच्याकडे कुणी बोलत नाही. हवा खेळती राहिली पाहिजे, एवढंच. कांदा साठवायच्या चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, तळाला आणि बाजूंना फटी, कांद्याचा थर चार ते पाच फुटांच्या आत. एक पाखी, म्हणजे कांद्याची एकच रांग असलेली चाळ दक्षिणोत्तर बांधायची, दोन रांगांची दोन पाखी पूर्व-पश्चिम. थर उंच केला की खालच्या कांद्यावर दाब येतो, मध्ये ऊब आणि ओल कोंडते, आणि पावसाळ्यात सड सुरू होते. तळाखालच्या मोकळ्या जागेत पोती, क्रेट कोंबले तरी तेच, कारण हवा आत येण्याची वाटच बुजते. माहितीपत्रकात ‘हवा खेळती ठेवा’ लिहा. लासलगाव-पिंपळगावच्या माणसाला ते वाचताच कळेल.

ग्रंथालय: विचारलं नाहीत, पण पुढे येईल म्हणून सांगतो. ग्रंथालयात सर्क्युलेशन काउंटर म्हणजे देवघेव विभाग. 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय ज्या नाशिकमध्ये आहे, तिथे निराळा शब्द घडवायची गरज नाही. संदर्भ विभागातलं पुस्तक देवघेवीत नसतं, ते तिथेच बसून वाचायचं. ‘वितरण विभाग’ लिहिलंत तर पुस्तकं फुकट वाटतात असा समज होईल.

प्रश्नकर्ता: आभार. एक राहिलं. ‘सूचना सर्क्युलेट करा’ला काय? ‘प्रसृत करा’ चालेल?

व्याकरणाची आवड असलेले: अर्थ बरोबर आहे, पण टंकताना ऋकाराचा ऊकार होतो आणि परिपत्रक ‘प्रसूत’ होतं. सरकारी परिपत्रक ‘काढतात’ किंवा ‘जारी करतात’. सोसायटीत बैठक न घेता कागदावर सह्या घ्यायच्या असतील तर तो सभासदांकडे ‘फिरवा’. आणि मोबाइलवरच्या गटात असेल तर सरळ ‘सगळ्यांना पाठवा’.