मदत हवी आहे: कळांच्या भीतीने सिझर ठरवू की एपिड्युरलवर (कळा कमी करायला भूलतज्ज्ञ पाठीत देतात ते इंजेक्शन) भरवसा ठेवू?

पहिलटकरीण आहे, 34 वा आठवडा. बाळाचं डोकं खाली, वार (प्लासेंटा) वर, बीपी-शुगर नॉर्मल. सिझरचं वैद्यकीय कारण काही नाही, तरी ठरवून सिझर करावंसं वाटतंय. मुहूर्तासाठी नाही (तो सासूबाईंचा विषय, गुरुजींना विचारूनही झालंय). कळांची धास्ती आहे. बहिणीने दिवसभर कळा सोसल्या आणि शेवटी सिझरच झालं, तेव्हापासून तर जास्तच. श्वासाचे व्यायाम, गर्भसंस्काराचे वर्ग झाले, फरक शून्य.

डॉक्टर अडवत नाहीत, पण 39 आठवडे भरल्याशिवाय नाही म्हणतात, बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो म्हणून. शिवाय पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यांवर चिकटण्याचा धोका वाढतो. आम्हाला दुसरं मूल हवंय, घोडं तिथेच अडलंय.

एपिड्युरल चालेल, पण आमच्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ फोन केल्यावर येतात. पहाटे तीनला कळा सुरू झाल्या तर?

"आमच्या वेळी..." कृपया नको, ते घरी मिळतंय. पुण्यात कोथरूड-कर्वेनगर-डेक्कन भागात भूलतज्ज्ञ रात्रीही हजर असतात आणि इतक्या उशिरा नाव नोंदवून घेतात, असं हॉस्पिटल कुणी स्वतः अनुभवलंय का? आणि ज्यांनी केवळ भीतीपोटी सिझर निवडलं, त्यांनी एपिड्युरलचा विचार का सोडला?