मदत हवी आहे: फँटम अवरग्लासमध्ये नकाशावर चिन्ह कसं उमटवायचं?

नमस्कार मंडळी,

'द लेजंड ऑफ झेल्डा: फँटम अवरग्लास' कोणी पूर्ण खेळलंय का? गेम २००७ चा, निन्टेन्डो डीएस या दोन पडद्यांच्या, हातात धरून खेळायच्या यंत्राचा. मी आत्ता खेळायला घेतलाय, निन्टेन्डोच्याच टूडीएस या यंत्रावर. एका जागी पार अडकलेय. पुढे रहस्यभेद आहे, ज्यांना खेळायचाय त्यांनी जपून वाचा.

आधी अडचण सांगते. सागरराजाच्या मंदिरात एका खोलीत वरच्या पडद्यावर एक पवित्र चिन्ह दिसतं आणि खालच्या पडद्यावर आपला समुद्राचा नकाशा उघडतो. ते चिन्ह नकाशावर दाबून उमटवा, एवढंच सांगतात. वरच्या पडद्याला तर स्पर्श कळतच नाही. मी स्टायलसने (पडद्यावर टेकवायच्या पेनाने) टिचक्या मारल्या, नकाशा घासला, चिन्हाचा आकार गिरवला, माइकमध्ये फुंकर मारली, सगळी बटणं दाबून पाहिली. गेम ढिम्म हलत नाही. उत्तर थेट सांगितलंत तरी चालेल, आता कोडं सोडवायची हौस उरलेली नाही.

दुसरं, या मंदिराचं करायचं काय? आत पाऊल टाकलं की जीव झिरपायला लागतो. वाळूच्या घड्याळात वाळू आहे तोवर संरक्षण, आणि सुरुवातीला ती मिळते जेमतेम १० मिनिटांची. चिलखतातले पहारेकरी तलवारीला दाद देत नाहीत, त्यांचा एक वार बसला की वाळू जाते आणि मजला पुन्हा पहिल्यापासून. हे एकदा असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण बाहेर एखादं बेट, एखादं मंदिर पार केलं की पुन्हा इथेच यायचं, आणि तेच मजले पुन्हा उतरायचे. माझ्या मते हा खेळाडूच्या वेळेचा अपमान आहे. घड्याळ डोक्यावर टिकटिकत असताना आजूबाजूला बघायची, चार गोष्टी करून पाहायची मुभाच राहत नाही, आणि साहसी खेळ मी त्यासाठीच खेळते.

तिसरं, चालण्यासाठी दिशांची बटणं वापरता येतात का? लिंकला, म्हणजे गेमच्या नायकाला, सगळीकडे स्टायलसने ओढत न्यावं लागतं आणि निम्मा पडदा माझ्याच हाताखाली झाकला जातो. कोलांटी मारायला पडद्याच्या कडेशी छोटी वर्तुळं काढायची, ती तर मला दर वेळी जमत नाहीत. आणि ऑफिसच्या बसमध्ये खेळताना माइकमध्ये फुंकायचं कसं, तेही सांगा.

एवढं असूनही सोडवत नाही. नकाशावर स्वतःच्या हाताने लिहिता येतं, ही कल्पना मला अतिशय आवडली. पहारेकरी कुठून कुठे फिरतो ती रेघ मी नकाशावर ओढली, तो वळतो तिथे बाण काढला, आणि त्या रेघेच्या भरवशावर भिंतीला लागून पलीकडे निसटले. बूमरँगचा मार्गही आपणच आखायचा. खांबाला वळसा घालून तो नेमका मागच्या खटक्यावर जाऊन आदळतो तेव्हा फार समाधान वाटतं. आपल्याला जहाजातून नेणारा कॅप्टन लाइनबेकही आवडला: तोंडाने मोठा शूर, संकट दिसलं की आडोशाला.

कोणी मार्ग दाखवला तर आभारी राहीन.

प्रतिसाद १

ताई, उत्तर सोपं आहे, पण तुमच्या यंत्रामुळे ते सुचणं अवघड होतं. मूळ डीएस वहीसारखा मिटतो. चिन्ह वर, नकाशा खाली; झाकण मिटलं की एकावर एक दाबले जातात. उघडलं की चिन्ह उमटलेलं. टूडीएस मिटत नाही, पण समोरच खाली उजव्या बाजूला स्लीपचा सरकता खटका आहे. तो सरकवा, दोनेक सेकंदांनी परत आणा. गेमला झाकण मिटल्यासारखंच वाटतं.

दिशांच्या बटणांनी चालता येत नाही, ती मेनूसाठी आहेत. डावखुऱ्या असाल तर तशी सोय सेटिंगमध्ये आहे. अक्षरं पुसट दिसत असतील तर गेम सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून ठेवा. चित्र लहान होतं, पण मूळ आकारात, रेखीव दिसतं.

प्रतिसाद २

मंदिराबद्दलचा तुमचा राग रास्त आहे, मलाही तो भाग कधीच आवडला नाही. तरी थोडं सुसह्य करता येतं. जांभळ्या फरशीवर उभ्या राहिलात की वाळू गळत नाही आणि पहारेकऱ्यांना तुम्ही दिसत नाही. तिथेच थांबून नकाशा बघा, बेत आखा, मग निघा. पिवळे मडके फोडले की थोडी वाळू वाढते. नवी अवजारं मिळतात तसे जुन्या मजल्यांवर आडवाटा उघडतात, बॉम्बने भिंती फुटतात, म्हणून दर खेपेला आधी जिथे अडलात ती जागा नकाशावर खूण करून ठेवा. पुढे अर्ध्या वाटेवर थेट पोचवणारं दारही मिळतं, आणि घड्याळाची वाळू शेवटी २५ मिनिटांपर्यंत वाढते. पहिले मजले कायम उतरावे लागणार नाहीत.

माइकला मात्र पर्याय नाही. बुडालेला खजिना वर काढायचं यंत्र विकत घ्याल तेव्हा तर ओरडायला सांगतात, आणि जितक्या जोरात ओरडाल तितका भाव उतरतो. तो भाग घरी खेळा.

धागाकर्ती

खटका सरकवला आणि चिन्ह उमटलं! दोघांचेही मनापासून आभार. कोडं म्हणून हे खरंच सुंदर आहे, मिटणाऱ्या यंत्रावर स्वतःहून सुचलं असतं तर किती मजा आली असती.

एक राहिलं. मडके एकदा फोडले की पुढच्या खेपेला पुन्हा भरलेले असतात का? तसं असेल तर आज रात्री पिवळ्यांच्या जागा नकाशावर लिहून मगच उतरते.